बिऱ्हाडासह देशांतर

परदेशगमन करावें कीं न करावें, या प्रश्नाचा खल महाराष्ट्रांत एके काळीं फार मोठा झाला. समुद्र ओलांडल्यानें पातित्य येतें काय, आल्यास प्रायश्चित्त कोणतें, आणि प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाच्या पंक्तीस बसावें कीं नाहीं, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरत असत. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस निघाल्या तेव्हां त्यांना जाहीर सभेंत उभें राहून आपल्या जाण्याचें समर्थन करावें लागलें. त्या वादाचा आज मागमूसहि उरलेला नाहीं. त्याची जागा एका निराळ्याच प्रश्नानें घेतली आहे. आणि नवल असें कीं, हा प्रश्न जुन्याहून अवघड असूनहि त्याचा खल कोठेंच होत नाहीं. तो प्रश्न असा: जाण्याचें ठरलें आहे, बरोबर पत्नी व लहान मूल आहे, आणि दोन देशांचीं दारें उघडीं आहेत, तर कोणत्या दारानें आंत जावें? पगाराचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले कीं याचा निकाल लागतो, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. आमच्या मतें हा नीतीचा प्रश्न आहे. आणि या निर्णयाचा परिणाम ज्या जीवावर सर्वांत अधिक व्हावयाचा, त्याला विचारल्यावांचूनच तो घ्यावा लागतो, हें त्यांतलें खरें कोडें आहे.

आम्हांस या विचारांत ओढलें तें घोडेगांवच्या एका कुटुंबानें. घोडेगांव हें पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्याचें मुख्य ठिकाण; मंचरहून भीमाशंकरास जाणाऱ्या वाटेवर घोड नदीच्या कांठीं वसलेलें. तेथील एका शेतकरी घरांतला मुलगा व त्याची पत्नी हीं दोघेंहि पुण्यास हिंजवडीच्या बाजूला संगणकाच्या कामांत आहेत. चार वर्षांची एक मुलगी आहे; ती सुट्टीचे दिवस बहुतेक गांवीं आजीआजोबांजवळ काढते. मुलाच्या कंपनीनें त्याला अमेरिकेंतील आपल्या कचेरींत पाठविण्याची तयारी दाखविली आहे, आणि त्याच सुमारास कॅनडाकडे केलेल्या अर्जासहि होकार आला आहे. अमेरिकेंत मिळकत पुष्कळ अधिक. कॅनडांत मिळकत कमी, थंडी जास्त, आणि गेल्यावर नोकरी नव्यानें शोधावयाची. नांवगांव याहून अधिक सांगण्याचें कारण नाहीं. अशीं घरें आज दर तालुक्यांत सांपडतील.

प्रथम दोन्ही देशांचे कायदे काय म्हणतात तें पाहिलें पाहिजे, कारण पगाराच्या आंकड्यांची माहिती जितकी घरोघर असते तितकी कायद्याची नसते. अमेरिकेस हा गृहस्थ जाईल तो नोकरीच्या परवान्यावर, आणि पत्नी व मुलगी जातील त्या त्याच्या आश्रित म्हणून. असा परवाना मालकाशीं बांधलेला असतो. नोकरी सुटली तर सामान्यतः साठ दिवसांच्या आंत दुसरी सोय लावावी, नाहीं तर देश सोडावा. कायमचें राहावयाचें तर रांगेंत उभें राहावें. १९९० च्या कायद्यानें नोकरीच्या वाटेनें येणारांसाठीं वर्षास सुमारें १,४०,००० जागा ठेविल्या आहेत; त्यांतच त्यांचीं बायकामुलें मोजलीं जातात; आणि कोणत्याहि एका देशांत जन्मलेल्यांस त्यांतील शेंकडा सातांहून अधिक सहसा मिळत नाहींत. आइसलंड आणि भारत या दोघांस एकच माप! परिणाम असा कीं, अशा नोकरदारांच्या मुख्य वर्गांत ज्या भारतीयांचा क्रम आज लागत आहे त्यांनीं नांव घातलें त्यास दहा-बारा वर्षें होऊन गेलीं, आणि आज नव्यानें नांव घालणारापुढची रांग त्याहूनहि लांब आहे. इकडे मूल एकवीस वर्षांचें झालें कीं तें बापाच्या अर्जांतून गळतें. २००२ च्या एका कायद्यानें वयाच्या मोजणींत कांहीं सूट दिली आहे, परंतु इतक्या लांब रांगेस ती पुरेलच असा भरंवसा नाहीं. म्हणजे आज चार वर्षांची असलेली ही मुलगी त्या देशांत शाळा शिकेल, कॉलेजांत जाईल, तेथल्याच बोलींत स्वप्नें पाहील. आणि सतरा वर्षांनीं तिला सांगण्यांत येईल कीं, बाई, तूं येथें पाहुणी होतीस, आतां आपला परवाना आपण काढ, नाहीं तर ‘परत’ जा. जो देश तिला नीट आठवतहि नाहीं त्या देशास परत!

बरें, त्याच घरांत तेथें दुसरें अपत्य झालें तर? अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलें मूल १८६८ च्या घटनादुरुस्तीप्रमाणें नागरिक मानलें जात आलें आहे. २०२५ सालीं तेथील अध्यक्षांनीं तात्पुरत्या परवान्यावरील आईबापांचीं मुलें यांतून वगळण्याचा हुकूम काढला, व प्रकरण न्यायालयांत गेलें. तें कसेंहि असो. थोरली बहीण पाहुणी आणि धाकटा भाऊ घरचा, असा प्रकार आजवर पुष्कळ घरांत घडून चुकला आहे.

कॅनडाची रीत निराळी. २०१५ पासून तेथें वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांचे गुण मोजून आमंत्रण देतात. तपासणी पार पडली कीं नवरा, बायको व मूल तिघेंहि पाऊल ठेवल्या दिवसापासून कायमचे रहिवासी होतात. मालक कोण, याच्याशीं त्या हक्काचा संबंध नाहीं. पांच वर्षांच्या मुदतींत १,०९५ दिवस तेथें काढले म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज करतां येतो, आणि अज्ञान मूलहि आईबापांबरोबर नागरिक होऊं शकतें.

इतकें सांगितल्यावर निकाल उघड दिसतो, असें कोणी म्हणेल. तसें असतें तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. व्यवहारांत बहुतेक माणसें अमेरिकेकडेच झुकतात, आणि तीं मूर्ख नसतात. त्यांना विचारा, तीं एकच उत्तर देतात: “हें सारें मुलांसाठीं.” या दोन शब्दांची थोडी तपासणी केल्यावांचून आपणांस पुढें जातां येणार नाहीं.

मुलांसाठीं म्हणजे काय? मिळकत बापाची, हुद्दा बापाचा, भावकींत होणारें नांव बापाचें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मनुष्यानें स्वतःच्या उत्कर्षासाठीं देश बदलणें ही पुरातन व निर्दोष गोष्ट आहे. परंतु तें स्वतःसाठीं करून मुलाच्या नांवावर लिहिणें ही मात्र हिशेबांतली गफलत आहे. आणि ही उधारी पुढें मुलाकडूनच वसूल केली जाते. “तुझ्यासाठीं आम्ही एवढें केलें” हें वाक्य ज्या घरांत वारंवार ऐकूं येतें त्या घरांतील मुलांस विचारावें. घोडेगांवच्या त्या दांपत्यास आम्हीं प्रथम हेंच सुचविलें कीं, कागदावर दोन रकाने पाडा: एकांत तुम्हांस काय मिळतें तें लिहा, दुसऱ्यांत मुलीस काय मिळतें तें लिहा. पहिला रकाना लवकर भरला. दुसऱ्यांत ‘चांगली शाळा’ असें एकच कलम पडलें, आणि तें दोन्ही देशांस सारखेंच लागू होतें.

आपला कायदा या बाबतींत मोठा विलक्षण आहे. आमच्याकडे सातबाराच्या उताऱ्यावर लहान मुलाचें नांव असेल तर त्यापुढें ‘अ.पा.क.’ अशीं अक्षरें घालून आईचें किंवा बापाचें नांव लिहितात; अज्ञान पालनकर्ता, असा त्याचा अर्थ. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणें अज्ञान मुलाच्या स्वतःच्या मालकीची स्थावर मिळकत बापासहि न्यायालयाच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. वीस गुंठे जमीन असो, न्यायाधीश विचारतो कीं यांत मुलाचें हित काय. तोच बाप एका सहीनें त्या मुलाचा देश बदलतो, त्याच्या तोंडची भाषा बदलतो, आजीशीं त्याचें नातें बदलतो. आणि त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यांत तर असें आहे कीं, आईनें अगर बापानें भारतीय नागरिकत्व सोडल्याचें जाहीर केलें म्हणजे अज्ञान मुलाचेंहि नागरिकत्व त्याबरोबर जातें. मात्र मूल सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आंत त्यानें इच्छा दर्शविल्यास तें त्याला परत मिळतें. अवघें एक वर्ष! अठरा ते एकोणीस या वयांत, परक्या मुलुखांतील कॉलेजच्या पहिल्या वर्षीं, आपण मूळचे कोण याचा निकाल किती मुलें लावीत असतील?

तथापि त्या तरतुदीमागचा विचार जुना आहे, आणि आदरणीयहि आहे. प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादांत अथेन्सचे कायदे सॉक्रेटिसाला सांगतात कीं, वयांत आलेल्या प्रत्येकानें नगरीचा कारभार पाहावा, आणि न रुचल्यास आपलें चीजवस्त घेऊन हवें तेथें निघून जावें. जो राहिला त्यानें आम्हांस मान्यता दिली. यावर अठराव्या शतकांत ह्यूमनें नेमका आक्षेप घेतला कीं, ज्या गरिबाला परक्या देशाची भाषा येत नाहीं, रीतिरिवाज ठाऊक नाहींत, आणि जो रोजच्या मजुरीवर जगतो, त्याचें राहणें म्हणजे संमति कशी म्हणावी? झोंपेंत जहाजावर चढविलेल्या माणसास ‘तूं समुद्रांत उडी टाकली नाहींस, तेव्हां कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे’ असें सांगण्यापैकींच तें आहे. आम्हांस ही उपमा राज्यसत्तेपेक्षां लहान मुलांस अधिक चपखल बसते असें वाटतें. विमानांत आईच्या मांडीवर झोंपलेली चार वर्षांची मुलगी ही अक्षरशः झोंपेंतच जहाजावर चढविलेली असते.

मग आईबापें म्हणतात, “मोठी झाल्यावर ती आमचे आभार मानील.” मानील, यांत संशय नाहीं. परंतु अमेरिकेस नेली तर अमेरिकेबद्दल मानील, कॅनडास नेली तर कॅनडाबद्दल, आणि घोडेगांवीं ठेवली तर घोडेगांवाबद्दल. कारण निकाल देणारें तें मन आपणच त्या मातींत वाढविलेलें असतें. ज्याचा खटला त्यानेंच न्यायाधीश नेमावा असा हा प्रकार आहे. १९१८ सालीं धर्मानंद कोसंबी हार्वर्ड विद्यापीठांतील कामासाठीं अमेरिकेस गेले तेव्हां त्यांनीं कन्या माणिक व अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांस बरोबर नेलें. मुलगा तेथील शाळेंत शिकला, मध्यंतरीं मायदेशीं येऊन पुन्हां गेला, १९२९ त हार्वर्डचा पदवीधर झाला, आणि मग भारतांत परतून गणिती व इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आला. जुन्नर-कार्ल्याकडील लेणीं व व्यापारी वाटा त्यानें पायांखालीं घातल्या, त्या आजहि अभ्यासकांस वाट दाखवितात. हें उदाहरण देऊन ‘पाहा, मुलांस नेल्यानें त्यांचें सोनेंच होतें’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. गोव्यांत राहिला असता तर तोच मुलगा काय झाला असता, याचें उत्तर मात्र कोणाजवळ नाहीं, त्याच्याजवळहि नसावें. तात्पर्य इतकेंच कीं, मुलाच्या पुढच्या समाधानावरून आजची निवड तपासतां येत नाहीं. समाधान दोन्हीकडे मिळेल. तपासावयाचें तें दुसरेंच कांहीं असलें पाहिजे.

तें काय, हें घोडेगांवच्याच इतिहासावरून थोडें कळेल. आंबेगांव व जुन्नर या तालुक्यांतून माणसें बाहेर पडणें कांहीं नवें नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत, भाजीबाजारांत ओझीं वाहण्यांत या भागांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या गेले. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत विलायती कापडाची लॉरी अडवितांना प्राण देणारे बाबू गेनू हे याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे, आणि गिरणींत काम करणारे. परंतु त्या काळचा मुंबईकर बहुधा एकटा जाई. बायकोमुलें गांवीं राहत. महिन्याकाठीं मनिऑर्डर येई. शिमग्याला किंवा जत्रेला तो स्वतः येई. यांत विरहाचें दुःख पुष्कळ होतें, पण मुलाच्या देशाचा प्रश्न नव्हता. एकट्यानें जाणें आणि बिऱ्हाड घेऊन जाणें, यांत केवळ माणसांच्या संख्येचा फरक नाहीं. एकटा जाणारा आपलें श्रम परक्या ठिकाणीं नेतो. बिऱ्हाड नेणारा मुलाचें बालपण नेतो, आणि बालपण परत आणतां येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, “मग जाऊंच नये, मुलीस आपल्या गांवींच वाढवावी.” हें म्हणणारांनीं डिंभें धरणाच्या भिंतीवर एकदां उभें राहून पाहावें. ज्या आंबेगांवाचें नांव तालुक्यास आहे तें गांवच त्या जलाशयाखालीं गेलें. जलाशयास बाबू गेनूंचें नांव आहे आणि तळाशीं आंबेगांव आहे. तेथील लोकांनीं देशांतर केलें नव्हतें; ते घरीं बसले होते, आणि घरच गेलें. तेव्हां राहण्यानें सर्व कांहीं राखलें जातें हा भ्रम आम्ही बाळगीत नाहीं, आणि जाणारावर दोषहि ठेवीत नाहीं.

महाराष्ट्रांतील एका समाजानें मात्र हा प्रश्न सबंध समाज म्हणून सोडविला, आणि त्याचें उदाहरण फार बोलकें आहे. कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्राएल, ज्यांना शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत, हे शतकानुशतकें मराठी बोलणारे यहुदी. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र झालें, १९५० त जगांतील कोणत्याहि यहुद्यास तेथें येण्याचा हक्क देणारा कायदा झाला. आणि अलिबाग-पेण-मुंबईकडील घरांत, जावें कीं राहावें, गेल्यास इस्राएलांत कीं इंग्लंडांत, अशा वाटाघाटी सुरू झाल्या. गेलेल्यांपैकीं कांहीं जणांस तेथील वागणूक इतकी बोंचली कीं त्यांनीं धरणें धरून परत पाठविण्याची मागणी केली, व १९५२ त ते विमानानें मुंबईस परत आले. त्यांतले पुष्कळजण पुढें पुन्हां गेले. खरी कसोटी लागली ती मुलें लग्नाच्या वयांत आल्यावर. १९६२ च्या सुमारास तेथील धर्माधिकाऱ्यांनीं यांच्या यहुदीपणाबद्दल शंका काढून, विवाहापूर्वीं पूर्वजांची चौकशी करण्याचा निर्बंध घातला. ज्या देशास आपला म्हणून गेलों तेथेंच ‘तुम्ही आपले आहां काय’ हा प्रश्न! परंतु हे लोक गप्प राहिले नाहींत. १९६४ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं जेरुसलेमांत ठाण मांडलें. ऑगस्टमध्यें तेथील लोकसभेनें ठराव करून बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनीं यहुदी आहेत असें जाहीर केलें, आणि धर्माधिकाऱ्यांस आपला निर्बंध बदलावा लागला.

या हकीकतींतून आम्ही जें घेतों तें असें. त्या देशानें त्यांस मान दिला नाहीं, सुखहि प्रथम दिलें नाहीं. पण भांडण्याची जागा दिली. ते पाहुणे नव्हते. पाहुणा यजमानाशीं भांडत नाहीं. तो पानांत पडेल तें खातो आणि जाण्याची वेळ झाली कीं पादत्राणें घालतो. घरचा मुलगा मात्र पान ढकलून देतो, रुसतो, वाटणी मागतो. आपल्या मुलीस कोणत्या देशांत अधिक सुख मिळेल हें कोणत्याहि बापास कळणें शक्य नाहीं. कोणत्या देशांत तिला वाटणी मागतां येईल, हें मात्र कायद्याचें पुस्तक उघडून आजच कळतें. चार वर्षांच्या मुलीच्या वतीनें निवड करणाऱ्या पालकानें पाहावयाचें तें हें, असें आमचें मत आहे.

या मतास आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहींत. पहिला असा कीं, हक्काचा कागद तरी कोठें चिरंजीव असतो? १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें भारतीय हे कायद्याच्या अर्थानें गोरे नव्हत असें ठरविलें, आणि आधीं नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचेंहि नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. कॅनडाचें अंगण तरी कोठें स्वच्छ आहे? १९१४ सालीं ‘कोमागाता मारू’ जहाजावरील ३७६ उतारूंपैकीं बहुतेकांस व्हँकुव्हरच्या बंदरांतून परत लोटणारा देश हाच. त्याची क्षमा त्यानें २०१६ त मागितली. गोमंतकांतील हजारों कुटुंबांनीं वाडवडिलांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगालचें नागरिकत्व घेतलें, तें पोर्तुगालसाठीं नव्हे तर त्या वाटेनें इंग्लंडांत जाण्यासाठीं. २०२० अखेर इंग्लंड युरोपीय संघाच्या व्यवस्थेंतून पुरतें बाहेर पडलें आणि ती वाट नव्या माणसांस बंद झाली. हें सर्व खरें. परंतु थिंदचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरहि तोच प्रसंग आला होता. ते न्यायालयांत भांडले व १९२६ त खटला जिंकून आपलें नागरिकत्व टिकवूं शकले. हक्क हिरावला जाऊं शकतो, पण ज्याला तो होता त्याला निदान फिर्याद नेतां येते. परवान्याची मुदत संपली म्हणून घरीं पाठविलेला मनुष्य फिर्याद कशाची नेणार?

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक टोंचतो. कॅनडांत पोहोंचलेला मनुष्य कित्येकदां वर्ष दोन वर्षें आपल्या विद्येस न शोभणारें काम करतो. येथली पदवी व अनुभव तेथें पुरत्या मोलानें धरीत नाहींत. मोठ्या शहरांतलीं घरें महाग. शिवाय २०२४ सालीं त्या देशानें नव्या रहिवाशांची संख्या कमी करण्याचें ठरविलें. २०२५ सालासाठीं पूर्वीं योजिलेला ५,००,००० चा आंकडा ३,९५,००० वर आणला. म्हणजे तेथील वारेहि फिरले आहेत. खचलेल्या, चिडलेल्या बापाच्या घरांत मुलीच्या नांवावर कायम वास्तव्याचा कागद असून काय उपयोग? हा प्रश्न खोटा नाहीं. घरांतली शांतता हीहि मुलाची मिळकतच आहे. ज्या बापाला आपल्या स्वभावाची ओळख आहे, आणि मानहानीचीं दोन वर्षें आपण घरच्यांवर राग न काढतां काढूं शकणार नाहीं हें जो जाणतो, त्यानें कॅनडास जाऊं नये. मग त्यानें अमेरिकेसहि दोन-चार वर्षांच्या बोलीनें जावें, मुलगी शाळेंत रुळण्यापूर्वीं परत यावें, आणि ती बोली पाळावी. बोली करणारे पुष्कळ असतात, पाळणारे थोडे. कारण दर वर्षीं आणखी एकच वर्ष असें म्हणण्याजोगें कांहींतरी कारण घडतेंच.

भाषेचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटीं ठेविला, कारण या दोन देशांच्या तराजूंत तो घालतांच येत नाहीं. मराठी दोन्हीकडे सारखीच जाईल. रविवारच्या शाळा आहेत. १९८१ त स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था झटत आहेत. दूरध्वनीच्या पडद्यावर आजी रोज दिसेल. तरीहि आजीच्या बोलण्यांतले भीमाशंकराकडले शब्द, हिरड्याची वेचणी, पावसाळ्यांत भाताच्या खाचरांतला चिखल, हें पडद्यावरून उतरत नाहीं. हा खर्च आहे, आणि तो जाण्याचा खर्च आहे. कोणत्या देशास जातां याचा नव्हे. त्याचा हिशेब निघण्यापूर्वीं मनांत एकदां मांडावा, दोन देशांची तुलना करतांना पुन्हां पुन्हां काढूं नये. मॉरिशसला १८३४ पासून मजूर जाऊं लागले, त्यांत कोंकणांतले मराठे होते. त्यांच्या वंशजांच्या घरांत आज बहुतेक क्रिओल बोलतात. परंतु ते त्या देशाचे नागरिक आहेत म्हणूनच सरकारी शाळांत मराठी शिकविण्याची सोय त्यांना मिळालेली आहे. आणि घोडेगांवाहून जवळच जुन्नरच्या लेण्यांत, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं येथें आलेल्या इरिल व चिट नांवाच्या यवनांचे दानलेख आहेत: एकानें पाण्याचीं टांकीं खोदविलीं, दुसऱ्यानें भोजनमंडप दिला. लेख प्राकृतांत आहेत; आपलें दान त्या परक्यांनीं या मुलुखाच्या बोलींत नोंदविलें. त्यांच्या आज्यांना तें वाचतां आलें नसतें.

घोडेगांवच्या त्या दांपत्यास आम्हीं कॅनडाच सुचविला. दोन वर्षें पुरेल इतकी शिल्लक गांठीस बांधून आणि अमेरिकेंतला पगार विसरून. त्यांनीं अजून ठरविलेलें नाहीं. जाण्याच्या खर्चासाठीं आणि त्या शिलकेसाठीं नदीकडची जमीन विकावी असा घरांत विचार निघाला होता. त्यास आम्हीं विरोध केला. परदेशीं स्थायिक झालेल्या भारतीयास, अगर पुढें ‘ओव्हरसीज’ कार्ड घेणाऱ्या त्याच्या मुलीस, भारतांत शेतजमीन विकत घेतां येत नाहीं, बक्षीस म्हणूनहि घेतां येत नाहीं. वारशानें मात्र ती मिळूं शकते. पैशाची सोय कर्ज काढून करावी. व्याज पडेल तें पडो. सातबाऱ्यावर आजोबांचें नांव आहे तें तसेंच राहूं द्यावें.